भाग वेगळे, धनी वेगळे

24 ऑगस्ट 1998 रोजी इंटेलने दोन प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले: पेन्टियम टू 450 आणि सेलेरॉन 300ए. घाऊक खरेदीत पहिल्याचा दर 669 डॉलर होता, दुसऱ्याचा 149. पहिला 450 मेगाहर्ट्झवर चालायचा, दुसरा 300 वर. किमतीतली चौपटीहून मोठी तफावत या वेगाचीच आहे, असेच कोणीही धरून चालले असते. पण थोड्याच आठवड्यांत खेळांसाठी कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांच्या लक्षात आले की मदरबोर्डवरची एक सेटिंग बदलली, तर बहुतेक 300ए बिनतक्रार 450 वर चालतात आणि ‘क्वेक टू’सारख्या खेळात महागड्या भावंडाच्या अगदी जवळ पोहोचतात. ही हकीकत हौशी वर्तुळांत आजही सांगितली जाते, बहुधा नशिबाची किंवा इंटेलच्या गफलतीची गोष्ट म्हणून. मला ती तशी वाटत नाही. कमी पैशांत खेळण्याजोगा कॉम्प्युटर जुळवता आला, याचे एक कारण चिपा दरवर्षी स्वस्त होत गेल्या हे आहेच. पण त्याहून खोलवरचे कारण असे की या यंत्राचे भाग वेगवेगळ्या धन्यांच्या मालकीचे होते आणि त्या धन्यांचे हित एकमेकांशी जुळत नव्हते. प्रोसेसरवाल्याने घातलेले कुंपण मदरबोर्डवाला मोडून देत होता. भाग निवडणाऱ्या गिऱ्हाइकाचे सारे कौशल्य या बेबनावाच्या फटीत वाढले.

ही फट पडली 1981 मध्ये. आयबीएमने त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तो घाईत, बाजारात मिळणारे भाग जोडून: प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आत जादा कार्डांसाठी पाच स्लॉट. शिवाय मंडलांच्या आकृत्या आणि बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, सगळा मजकूर छापील पुस्तिकेत उघड केलेला. आयबीएमच्या ताब्यात खरे तर त्या बायोसच्या हक्कांखेरीज फारसे काही उरले नव्हते. कॉम्पॅकने आयबीएमचा मजकूर न पाहिलेल्या माणसांकडून तेच काम करणारा नवा बायोस लिहून घेतला, आणि 1984 पासून फिनिक्स नावाची कंपनी तसा बायोस कोणालाही विकू लागली. तैवानच्या छोट्या कारखान्यांना मदरबोर्ड बनवून विकण्याचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. त्याच 1984 मध्ये आलेल्या आयबीएमच्या एटी मॉडेलचा प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झवर बांधलेला होता, पण वेग ठरवणारा क्रिस्टल सॉकेटमध्ये बसवलेला असल्याने लोक तो काढून जास्त वेगाचा क्रिस्टल बसवत आणि यंत्र 8 मेगाहर्ट्झवर पळवत. आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये वेग तपासणारी चाचणी घातली आणि ही वाट बंद केली. पुढच्या तीन दशकांत जे वारंवार घडणार होते त्याचा हा पहिला प्रयोग. यंत्राची क्षमता जास्त, ठरवून दिलेला वेग कमी, गिऱ्हाइकाला ते कळते, आणि मग विक्रेता कुलूप बदलतो. फरक एवढाच की एटीमध्ये बायोस आणि बोर्ड दोन्ही एकाच धन्याचे होते, म्हणून कुलूप लगेच बसले.

मात्र कोणत्या भागावर पैसा घालायचा हे ठरवणारा निकष कारखान्यांनी दिला नाही, तो खेळांनी दिला. सायरिक्सच्या 6एक्स86 प्रोसेसरचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 133 मेगाहर्ट्झवर चालणारा हा प्रोसेसर ‘पी166+’ या नावाने विकला जाई, कारण कार्यालयीन कामांत तो 166 च्या पेन्टियमला मागे टाकत असे. पत्रे लिहिणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला तो कमी पैशांत उत्तम होता. जून 1996 मध्ये ‘क्वेक’ आला. या खेळातल्या भिंतींवरची चित्रे खोलीनुसार नीट ताणण्यासाठी दर 16 बिंदूंमागे एक भागाकार करावा लागे, आणि तो पेन्टियमच्या दशांश-गणिताच्या विभागात अशा रीतीने सोडला होता की बाकीचे काम न थांबता चालू राही. सायरिक्सचा तोच विभाग दुबळा. एका खेळाने त्या स्वस्त प्रोसेसरची प्रतिष्ठा घालवली. ‘कॉम्प्युटर चांगला की वाईट’ हा प्रश्न त्या दिवसापासून अर्धवट ठरला, तो कशासाठी हवा हे आधी विचारावे लागले. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड आले. ते फक्त त्रिमितीय चित्रे काढायचे आणि नेहमीच्या चित्रांसाठी दुसरे कार्ड लागायचेच. त्यावर 4 एमबी मेमरी होती, आणि 1996 मध्ये मेमरीचे भाव कोसळले नसते तर ते घरगुती गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आलेच नसते. जानेवारी 1997 मध्ये ‘क्वेक’ची या कार्डावर चालणारी आवृत्ती निघाली आणि खेळाचे ओझे मोठ्या प्रमाणात प्रोसेसरवरून कार्डाकडे सरकले. प्रोसेसरवर वाचवलेला पैसा कार्डात घालावा, हा आजही पाळला जाणारा हिशेब तिथून सुरू होतो.

अशा जगात सेलेरॉन आला, आणि तो आला तोही स्पर्धेच्या धाकाने. फेब्रुवारी 1997 मध्ये कॉम्पॅकने सायरिक्सची मीडियाजीएक्स चिप घातलेला प्रेसारिओ 2100 हा कॉम्प्युटर 999 डॉलरला विकायला काढला. हजार डॉलरच्या आतली बाजारपेठ खरोखर आहे हे त्याने सिद्ध केले, आणि तिथे इंटेलकडे ठेवायला काही नव्हते. एप्रिल 1998 चा पहिला सेलेरॉन म्हणजे दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी काढून टाकलेला पेन्टियम टू. तो इतका लंगडा निघाला की टीकेचा धनी झाला. ऑगस्टमध्ये त्याची जागा घेणाऱ्या 300ए मध्ये इंटेलने 128 केबी कॅश घातली, आणि ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरली. महागड्या पेन्टियम टूमध्ये कॅश चौपट, 512 केबी होती, पण ती शेजारी बसवलेल्या वेगळ्या चिपांत असून प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालत असे. सेलेरॉनची छोटी कॅश पूर्ण वेगाने चाले. ट्रान्झिस्टर मोजले तर स्वस्त चिपेत 1 कोटी 90 लाख, महागड्या पेन्टियम टूच्या गाभ्यात 75 लाख. दोन्ही 0.25 मायक्रॉनच्या एकाच प्रक्रियेतून निघालेले. वेग वाढवताना पेन्टियम टूला बाहेरच्या कॅश चिपांची मर्यादा आड येई, सेलेरॉनला ती अडचणच नव्हती.

आता 450 हाच आकडा का, ते पाहण्यासारखे आहे. 300ए चा वेग म्हणजे 66 मेगाहर्ट्झची बस, म्हणजे प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणारा मार्ग, गुणिले साडेचार. साडेचार हा गुणक इंटेलने कुलूपबंद केलेला होता, तो बदलता येत नव्हता. बस मात्र मदरबोर्डच्या हाती होती, आणि 440बीएक्स चिपसेटचे बोर्ड महागड्या पेन्टियम टूसाठी 100 मेगाहर्ट्झची बस देतच होते. शंभर गुणिले साडेचार, 450. महत्त्वाचे असे की 100 च्या बसवर ग्राफिक कार्डाचा एजीपी स्लॉट दोन-तृतीयांशाने, म्हणजे 66 वर, आणि पीसीआय स्लॉट एक-तृतीयांशाने, म्हणजे 33 वर राहत असे. ध्वनीचे कार्ड, हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, सगळे आपापल्या नेमून दिलेल्या वेगावरच. मधल्याच एखाद्या वेगावर बस नेली की हे भाग आपल्या मर्यादेबाहेर चालत आणि कॉम्प्युटर अडखळे. म्हणून गिऱ्हाइकाला एक स्वस्त प्रोसेसर निवडून भागत नव्हते. बोर्ड बीएक्स चिपसेटचा हवा, रॅम पीसी100 प्रतीची हवी, प्रोसेसरवर पंखा बरा हवा, आणि उरलेल्या पैशांत वूडू टू किंवा रिव्हा टीएनटीसारखे कार्ड. एका भागाची निवड दुसऱ्या भागाची किंमत ठरवते, हे ज्ञान या एका प्रोसेसरने जितक्या माणसांपर्यंत पोहोचवले तितके दुसऱ्या कशाने पोहोचवले असेल असे मला वाटत नाही. ज्यांचा बोर्ड स्वतःच 66 ची बस निवडत असे, ते प्रोसेसरच्या कार्डावरची बी21 ही पिन झाकून टाकत, म्हणजे बोर्ड आपोआप 100 निवडे.

यात तैवानच्या अबिट कंपनीचा वाटा विसरता येत नाही. तिच्या बीएच6 बोर्डावर जम्पर हलवण्याची गरजच नव्हती. बायोसमधल्या ‘सॉफ्टमेनू’त बसचा वेग आणि प्रोसेसरचा व्होल्टेज दोन्ही बोटांनी बदलता येत. अबिटला इंटेलशी वैर नव्हते, ती इंटेलचाच चिपसेट विकत घेत होती. पण गिऱ्हाइकाने 669 चा प्रोसेसर घेतला काय किंवा 149 चा घेतला काय, अबिटला त्यातून एक पैसा जास्त मिळत नव्हता. जास्त मिळत होते ते ‘आमच्या बोर्डावर तुमचा स्वस्त प्रोसेसर पळतो’ असे सांगता आले तर. गिऱ्हाइकाच्या बाजूने उभे राहण्यात ज्याचा धंदा आहे असा एक बलवान उद्योग यंत्रातच बसलेला होता. एकट्यादुकट्या हौशी तरुणांच्या हुशारीवर ही परंपरा इतकी वर्षे टिकली नसती.

मुंबईत हेच काम दुकानदार करत होता. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, कॉम्प्युटरच्या आधीपासून रेडिओ, अॅम्प्लिफायर आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर वेगवेगळे विकण्याची सवय असलेल्या गल्ल्यांवर मदरबोर्ड आणि रॅम येणे हा त्याच धंद्याचा पुढचा टप्पा होता. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट याच वळणाने गेले. ब्रँडेड कॉम्प्युटर घेणाऱ्याला कंपनीने ठरवलेले कॉन्फिगरेशन घ्यावे लागे. ‘असेंबल्ड’ घेणाऱ्याच्या हाती कोटेशनचा कागद येई: प्रोसेसर इतक्याला, बोर्ड इतक्याला, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, प्रत्येकाची किंमत वेगळी. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होते, एक ओळ खोडून दुसरी लिहू शकत होते. भारत 1997 मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि 2005 पर्यंत या वस्तूंवरचे आयात शुल्क शून्यावर आणायचे ठरले. त्यामुळे हा कागद अधिकाधिक घरांना परवडू लागला. महाराष्ट्रातल्या कागदावर मात्र एक ओळ परदेशी हौशी माणसाच्या यादीत क्वचितच असे, ती यूपीएसची. भारनियमनाच्या वर्षांत वीज जाणार हे गृहीत धरूनच खेळायचे असे, आणि ग्राफिक कार्डाचे चार पैसे बॅटरीत जात.

याच बाजाराकडे बोट दाखवून घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे. भाग वेगळे आणि धनी वेगळे म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही. नव्वदच्या दशकात आशिया आणि युरोपच्या बाजारांत संथ पेन्टियमवरचे आकडे घासून त्यावर जास्त वेगाचे आकडे छापले जात आणि ते महाग विकले जात. गुणकाला कुलूप घालण्याचे इंटेलने दिलेले कारण हेच होते, आणि ते खोटे नव्हते. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट येणाऱ्या, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर 450 वॅट लिहिलेले असे, आणि नवे ग्राफिक कार्ड लावले की तो मान टाकी. तेव्हा हे सारे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण फसवणूक होत होती ती ज्याला भाग ओळखता येत नव्हते त्याची, आणि कुलूप लावल्याने नुकसान झाले ते ज्याला ओळखता येत होते त्याचे. शिवाय खोटा आकडा ओळखायला प्रोसेसरवर न खोडता येणारी खूण पुरेशी होती, वेगच अडवायची गरज नव्हती. पुढे 2011 मध्ये इंटेलने नावापुढे ‘के’ असलेल्या महागड्या प्रोसेसरांचा गुणक खुला ठेवला आणि बाकीच्यांचा बंद, तेव्हा कुलपाचा किमतीशी असलेला संबंध उघड झाला.

दुसरा आक्षेप तंत्राच्या अंगाने येतो. एका वेफरवरच्या सगळ्या चिपा सारख्या नसतात. चाचणीत ज्या जास्त वेग सोसतात त्या महाग विकाव्यात, ज्या सोसत नाहीत त्या स्वस्त, यात मुद्दाम अडवणूक कुठे आहे? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि बरोबर असलेला अर्धा नीट समजून घेतला पाहिजे. नवी प्रक्रिया सुरू होते तेव्हा वेगवान चिपा खरोखर थोड्या निघतात. पण प्रक्रिया मुरली की बहुतेक चिपा वेगवान निघू लागतात, आणि मागणी मात्र स्वस्त चिपांचीच जास्त असते. तेव्हा चांगल्या चिपेवर कमी आकडा छापण्यावाचून कारखान्याला गत्यंतर नसते. 2002 ची रेडिऑन 9500 आणि 9700 ही ग्राफिक कार्डे एकाच आर300 चिपेवर बनली होती, 9500 मध्ये आठांपैकी चार पाइपलाइन बंद केलेल्या. काही कार्डांवर त्या सॉफ्टवेअरने पुन्हा चालू करता येत. कोणाच्या पाइपलाइन खरोखर सदोष निघत आणि पडद्यावर चौकटींचे डाग दिसत, कोणाच्या निर्दोष. इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या 2009 च्या फेनम टूमध्ये तसेच. दोन किंवा तीन कोअरचा म्हणून विकलेला प्रोसेसर काही बोर्डांवर चार कोअरचा होई, पण प्रत्येक वेळी नाही. सदोष चिपा आणि मुद्दाम अडवलेल्या चिपा एकाच पेटीत विकल्या जात होत्या, आणि कोणती कोणती ते आतल्या माणसांनाच ठाऊक होते.

एकदा तर हा पडदा खुद्द इंटेलनेच दूर केला. 2010 मध्ये तिने पेन्टियम जी6951 या स्वस्त प्रोसेसरसाठी 50 डॉलरचे एक कार्ड विकून पाहिले. त्यावरचा क्रमांक कॉम्प्युटरला दिला की बंद ठेवलेली 1 एमबी कॅश आणि हायपर-थ्रेडिंग चालू होई. चिप आधीच गिऱ्हाइकाच्या घरात, तिचे पैसे दिलेले, आणि तिचा बंद कप्पा उघडायचे पुन्हा पैसे. योजना फार टिकली नाही. पण बारा वर्षांपूर्वी 300ए जुळवणाऱ्यांनी जे अनुभवाने ओळखले होते ते तिने लेखी मान्य केले.

अर्थशास्त्राचा जाणकार इथे म्हणेल की किमतीची ही उतरंड गरीब गिऱ्हाइकाच्या हिताचीच आहे: श्रीमंताने 669 मोजले म्हणून दुसऱ्याला 149 मध्ये मिळाले, सगळ्यांना एकच भाव असता तर तो 149 हून जास्त असता. हे मला पटते. पण यातून निघते ते एवढेच की किंमत ही उत्पादनखर्चावर ठरत नसून गिऱ्हाइकाच्या ऐपतीच्या अंदाजावर ठरते. विक्रेत्याला असा अंदाज बांधायचा हक्क असेल, तर चिपेची खरी ऐपत ओळखायचा हक्क गिऱ्हाइकालाही आहे. गेम कन्सोलचा दाखलाही दिला जातो. तिथे सगळे एकाच धन्याचे, तरी यंत्र स्वस्त. पण सोनीने प्लेस्टेशन थ्री खर्चापेक्षा कमी किमतीत विकला तो प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या हिश्शाच्या भरवशावर, आणि तो हिस्सा शेवटी खेळणाराच भरतो.

माझ्या मते खरा पालट झाला तो जानेवारी 2011 मध्ये, आणि त्याचे कारण चिपांचा वेग नव्हते. त्याआधीची कुलपे उघडत होती. 2000 सालच्या अॅथलॉन आणि ड्युरॉनचा गुणक चिपेवरच्या तुटलेल्या सांध्यांवर पेन्सिलीचे शिसे घासून मोकळा करता येई. एएमडीने पुढे तिथे लेझरने खड्डे पाडले, तर लोकांनी खड्डे बुजवून वाहक रंग लावला. सँडी ब्रिज पिढीत मात्र इंटेलने सगळ्या यंत्राचा ताल धरणारे घड्याळच चिपसेटच्या आत घेतले आणि यूएसबी, डिस्क, स्लॉट, सारे त्या एकाच तालाला बांधले. बस थोडी वाढवली की बाकी सगळे ढासळे. मदरबोर्डवाल्याच्या हातातली एकमेव किल्ली काढून घेतली गेली. 2015 च्या अखेरीस इंटेलच्याच स्कायलेक पिढीत घड्याळ पुन्हा सुटे झाल्याचे दिसताच एएसरॉकसारख्या कंपन्यांनी ‘के’ नसलेले प्रोसेसर पळवणारे बायोस दिले, आणि काही आठवड्यांतच ते मागे घ्यावे लागले. बोर्डवाल्यांची इच्छा संपली नव्हती, अधिकार संपला होता.

मग आज स्वस्तात जुळवणाऱ्याच्या हाती काय उरले? कंपन्यांमधली स्पर्धा उरली, आणि ती कमी लेखू नये. मार्च 2017 पासून आलेल्या रायझनच्या मुख्य प्रोसेसरांचा गुणक एएमडीने खुला ठेवला, कारण तिला इंटेलचे गिऱ्हाईक ओढायचे होते. मे 2020 मध्ये तिने जुन्या 400 मालिकेच्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालणार नाहीत असे जाहीर केले, आणि ओरड झाल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. त्यामुळे साध्या बोर्डावर बसलेल्या कित्येकांना नुसता प्रोसेसर बदलून पुढची काही वर्षे मिळाली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम चलनाची व्यवस्था बदलली, ग्राफिक कार्डांवर ते ‘खणण्याचे’ काम एका दिवसात बंद पडले, आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. अशा कार्डाचा पंखा आणि थर्मल पेस्ट पाहून घेणारा आजही तेच करतो आहे जे कोटेशनच्या कागदावर ओळ खोडणारा करत होता.

कुंपण मात्र आता वेगळ्या जागी आहे. नव्वदच्या दशकातल्या एस3 कंपनीच्या चिपांवरच्या कित्येक ग्राफिक कार्डांवर मेमरीचे रिकामे सॉकेट असत. 1 एमबीचे कार्ड घ्यायचे आणि पैसे जमले की आणखी 1 एमबी खोचायची. 2023 मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स 4060 टीआय एकाच चिपेवर दोन रूपांत आणले, 8 जीबी 399 डॉलरला आणि 16 जीबी 499 ला, आणि दोन्हींत मेमरी बोर्डावर कायमची डाखलेली. नवे खेळ 8 जीबी ओलांडू लागले आहेत, आणि 399 वाल्याला नंतर शंभर डॉलर भरून ती वाढवता येत नाही. तीन-चार वर्षांनी कोणता खेळ किती मेमरी मागेल याचा अंदाज त्याला खरेदीच्याच दिवशी बांधावा लागतो, आणि तो चुकला तर पूर्ण कार्डच बदलावे लागते.